टांगाजवळच्या गावातला निरोप

तुमच्या आजोबांना आफ्रिकेला पाठवायचं कारखान्यानं ठरवलं, त्या दिवशी सासूबाई बंगळूरला मल्लेश्वरमच्या घरी मागच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मी त्यांना म्हटलं, "आम्हाला टांगाला जायचंय."

"टांग्यानं कुठं?"

"टांग्यानं नाही, टांगाला. गावाचं नाव आहे."

"गावाचं नाव टांगा. मग तिथल्या टांग्याला काय म्हणतात?"

मी त्यांच्या शेजारी बसले.

"वरच्याला विचार," असं म्हणून त्या पुन्हा सुपाकडे वळल्या.

वरचा म्हणजे आमच्या माडीवरच्या खोलीत राहणारा विद्यार्थी. तो त्याच देशातला, टांगा बंदरापासून मोटारीनं दीड-दोन तासांवरच्या खेड्यातला. देशाचं नाव तेव्हा टांगानिका होतं, पुढे टांझानिया झालं. त्यांना स्वातंत्र्य मिळून वर्ष-सव्वा वर्ष होत आलं होतं, आणि तिकडे पाण्याचे पंप बसवायला आपल्याकडून काही इंजिनिअर जाणार होते. त्यांत तुमचे आजोबा.

तुम्ही मला पत्रातून विचारलंत, आजी, तू आफ्रिकेत सिंह पाहिलास का. नाही पाहिला. जे पाहिलं त्यातलं निम्मं मला कळलं नाही. एका बाबतीत तर काही कळलेलं नसताना मी कळल्यासारखी वागले आणि त्याचा भुर्दंड दुसऱ्याला पडला. तेवढंच इथे लिहिते आहे.

हा माडीवरचा मुलगा बंगळूरच्या शेतकी कॉलेजात शिकायला आला होता. सुट्टीत वसतिगृहाची मेस बंद होई, म्हणून तो बाहेर खोली शोधत होता. तीन घरांनी त्याला आधी नाही म्हटलं होतं. तुमच्या पणजोबांनी, म्हणजे मामंजींनी, हो म्हटलं आणि सासूबाईंना नंतर सांगितलं. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. त्याच्याशी नव्हे, मामंजींशी. त्याच्याशी त्या दुसऱ्याच दिवशी बोलायला लागल्या होत्या.

"तुमच्याकडे उखळ असतं का रे?"

"असतं, अम्मा. पण दोघी-तिघी मिळून एका उखळात कांडतात."

"सासू आणि सून?"

"हो."

"म्हणजे हातात मुसळ घेऊनही पटतं त्यांचं," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं.

आम्ही त्याला तम्मा म्हणत असू. कन्नडमध्ये धाकटा भाऊ तो तम्मा. तो मला अक्का म्हणे. चार वर्षांत तो बाजारापुरतं कन्नड आणि आमच्या घरापुरतं मराठी बोलू लागला. माझी एक फजिती त्याला फार आवडे आणि तो ती मला पुन्हा पुन्हा सांगायला लावी. पन्नास-एक्कावन्नच्या सुमारास मी लग्न होऊन साताऱ्याहून इथे आले तेव्हा मला कन्नडचा एक शब्द येत नव्हता. शेजारच्या अक्का कुंपणावरून माझ्याकडे बघत. मी दगडावर घसरले की त्या म्हणत, "अय्यो पाप." मला ताप आला, अय्यो पाप. माहेरचं पत्र आलं नाही, अय्यो पाप. माझं कुठलं पाप या बाईला दिसतं आहे, या विचारानं मी महिनाभर त्यांच्यासमोर मान वर केली नाही. शेवटी सासूबाईंनी सांगितलं की कन्नडमधलं 'पाप' म्हणजे बिचारं, गरीब बापडं. ती अक्का माझी कीव करत होती.

"इंग्रजी येत असून असं झालं?" तम्मा विचारी.

"इंग्रजीचा काय संबंध?"

"काहीच नाही," म्हणून तो हसत बसे.

आम्ही जानेवारीत मुंबईहून बोटीनं निघालो. तुमची आई तेव्हा सहा वर्षांची होती. टांगाला आम्हाला समुद्राजवळ बैठं घर मिळालं. तिला शाळा मिळाली, आजोबांना पंप मिळाले, आणि मला दुपारभर करायला काही उरलं नाही.

मार्चच्या शेवटी तम्माचं हवाई पत्र आलं. एरवी तो थट्टामस्करीची पत्रं लिही, हे तसं नव्हतं. त्याची शेवटची परीक्षा होत आली होती. पुढची दोन वर्षं शिकून वरची पदवी घ्यायला कॉलेजनं त्याला जागा देऊ केली होती आणि मेअखेर हो की नाही ते कळवायचं होतं. वडील गेलेले. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याची पत्रं आईला काका वाचून दाखवत आणि उत्तरंही काकाच लिहीत. यावेळचं उत्तर होतं, आई म्हणते आता पुरे, परत ये.

"हे आईचं म्हणणं आहे की काकांचं, ते मला इथून कळत नाही," त्यानं लिहिलं होतं. "अक्का, तुम्ही स्वतः जाऊन आईला विचारा, मी आणखी दोन वर्षं राहू का. ती जे म्हणेल ते मला कळवा. ती ये म्हणाली तर मी येईन, थांब म्हणाली तर थांबेन. पण ते तिचं हवं."

मी तुमच्या आजोबांना पत्र दाखवलं. ते म्हणाले, "जाऊन ये. सरळ तर प्रश्न आहे."

मलाही तसंच वाटलं.

एप्रिलात तिकडे जोराचा पाऊस असतो. आजोबांच्या ऑफिसचा ड्रायव्हर माझ्याबरोबर आला. तो पन्नाशीचा होता, पूर्वी एका कच्छी दुकानदाराकडे नोकरीला होता, त्यामुळे त्याला थोडं गुजराती आणि थोडं इंग्रजी येत असे. माझी स्वाहिली भाषा म्हणजे भाजीबाजारात लागणारे वीस-पंचवीस शब्द. गाडी मुख्य रस्त्यावर ठेवून आम्ही नारळाच्या झाडांतून चालत निघालो. वाट अशी नव्हतीच, नुसतं तांबडं पाणी वाहत होतं. एका अंगणाच्या कडेला ड्रायव्हर थांबला आणि मोठ्यानं ओरडला, "होडी. होडी."

पाणी घोट्याच्या वर आलेलंच होतं. पुढे खोल असेल आणि हा होडी मागवत असेल असं मला वाटलं. मी त्याला म्हटलं, आपण चालत जाऊ. तो गोंधळून म्हणाला, "मेमसाब, आलोच आहोत." तिकडे कुणाच्या अंगणात पाऊल टाकण्याआधी होडी म्हणायचं असतं, आपण 'आहे का कुणी घरात' म्हणतो तसं. हे मला त्या दिवशी संध्याकाळी कळलं.

आतून एक उंच, सडपातळ बाई आली. अंगाला एक आणि डोक्यावरून एक अशी दोन छापील कापडं तिनं गुंडाळली होती. हीच तम्माची आई. तिला नमस्कार करायला मी दोन्ही हात जोडले, छत्री काखेत धरली, आणि अंगणातच घसरून बसले.

"पोले," ती म्हणाली, आणि मला धरून उठवलं. "पोले, पोले साना."

"काय म्हणतात या?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"सॉरी म्हणते, मेमसाब. फार सॉरी."

मला वाईट वाटलं. चिखल काही तिनं केला नव्हता.

घर कुडाचं, मातीनं लिंपलेलं, वर माडाच्या झावळ्यांचं छप्पर. आत तीन दगडांची चूल. पावसात भिजू नयेत म्हणून कसल्यातरी पांढऱ्या मुळ्यांचे तुकडे चटईसकट ओढून आत घेतले होते. ते वाळवून त्याचं पीठ करतात. पाणी रॉकेलच्या चौकोनी डब्यांतून भरलेलं. त्या डब्यांना तिकडे 'डेबे' म्हणतात. तेवढा एक शब्द मला कुणी न सांगता कळला आणि मी तो दोनदा मोठ्यानं म्हणून दाखवला.

ओसरीत एक वयस्क गृहस्थ बसले होते. ड्रायव्हरनं त्यांची ओळख करून दिली, "हे मुलाचे छोटे वडील."

मुलाचे वडील तर वारलेले. मग मोठे वडील कोण आणि छोटे कोण? क्षणभर डोक्यात काही शिरेना. मग एकदम उजेड पडला. कन्नडमध्ये काकाला चिक्कप्पा म्हणतात, म्हणजे छोटा बापच. हेच ते पत्र लिहिणारे काका. मला इतका आनंद झाला की मी त्यांना मराठी पद्धतीनं वाकून नमस्कार केला. आता मला इथलं सगळं समजायला लागलं आहे असं त्या क्षणी वाटलं. पुढच्या घोटाळ्याला माझ्या मते तिथूनच सुरुवात झाली.

अंगणाच्या बाजूला छपराखाली दोन बाया मका कांडत होत्या. एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली. तम्माच्या आईनं मला खुणेनं बोलावलं. मी पदर खोचला आणि एकीच्या हातातून मुसळ घेतलं. तिसऱ्याच घावाला माझं मुसळ दुसरीच्या मुसळावर आपटलं आणि माझ्या मनगटाला झिणझिण्या आल्या.

"पोले," दोघी एका सुरात म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, मुलं किती. मी एक बोट दाखवलं.

"पोले साना," तम्माची आई म्हणाली.

"सॉरी म्हणते," ड्रायव्हर म्हणाला. "एकच, म्हणून सॉरी."

मला एकच मुलगी आहे याबद्दल या बाईनं माझी माफी का मागावी, हे मला उमगेना. पण ती अतिशय नम्र बाई आहे एवढी खूणगाठ मी मनाशी बांधली.

जेवायची वेळ झाली. तम्माच्या आईनं घरातल्या पोरीला काहीतरी आणायला सांगितलं, त्यातला 'म्बूझी' हा शब्द मी ओळखला. म्बूझी म्हणजे बकरी. टांगाच्या बाजारात रोज ऐकत होते. आमच्या घरी अंडंसुद्धा येत नसे, आणि इथे माझ्यासाठी बकरी कापणार. मी दोन्ही हात हलवत म्हटलं, "हापाना म्बूझी. हापाना." हापाना म्हणजे नको. आणि पोरीच्या हातात काय आहे ते दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड केलं. मागे कुजबूज झाली. थोड्या वेळानं माझ्यापुढे उकडलेल्या मुळ्या आणि कसलासा पाला आला, दोन्ही नुसत्या मिठाचे. मी ते समाधानानं खाल्लं. एक जीव वाचवल्याचं समाधान.

जेवणानंतर मी तम्माचा प्रश्न विचारला. मी इंग्रजीत सांगायचं, ड्रायव्हरनं स्वाहिलीत. चिक्कप्पा शेजारी बसून होते. ते उठून जातील तर बरं असं मला वाटत होतं, ते उठले नाहीत. मी विचारलं, "तुमच्या मुलाला आणखी दोन वर्षं शिकायचं आहे. त्यानं तिथे राहावं का परत यावं?"

तम्माची आई अंगणाकडे वळून बसली. मग बोलू लागली. हळू, थांबत थांबत, पण पुष्कळ बोलली. त्यात पोले मला चारदा ऐकू आलं.

"काय म्हणाल्या?"

"सॉरी म्हणते. त्याला सांगा सॉरी. दोन वर्षं आणखी, फार सॉरी."

"एवढंच?"

"बाकी पण तेच आहे, मेमसाब."

"म्हणजे नाही म्हणतात?"

ड्रायव्हरनं डोकं खाजवलं. "नाही म्हणत नाही. सॉरी म्हणते."

आता तुम्हीच सांगा. तुम्ही तर इंग्रजीतच वाढता आहात. सॉरीनं सुरू झालेलं पत्र कधी होकाराचं असतं का? माझ्या वडिलांनी माझ्या थोरल्या भावासाठी नोकरीचे अर्ज केले होते, त्यांची उत्तरं मी लहानपणी वाचली होती. प्रत्येकात सॉरी होतं आणि प्रत्येकाचा अर्थ एकच होता. ही बाई नम्र आहे, तोंडावर नाही म्हणवत नाही, दीर शेजारी बसला आहे, असं सगळं मी माझ्या मनाशी जुळवलं आणि ते चपखल बसलं.

घरी येऊन मी तम्माला इंग्रजीत पत्र लिहिलं. घर गळत नाही. आई हिंडत्या-फिरत्या आहेत. चिक्कप्पा सगळा वेळ बसून होते. तुझ्या आई म्हणाल्या की त्या दिलगीर आहेत, पण तू आणखी दोन वर्षं राहू नयेस. 'पण तू राहू नयेस' हे माझं. सॉरीच्या पुढे काहीतरी हवं, वाक्य अर्धवट दिसत होतं, म्हणून मी ते पुरं केलं.

जुलैत तम्मा टांगाला उतरला. जागा सोडून आला होता. आधी आमच्याकडेच आला, पेटी दारात ठेवली आणि 'होडी' म्हणाला. मी शहाणपणानं "या, या" म्हटलं. चहा झाला, सासूबाईंनी पाठवलेली चटणी त्यानं काढून दिली. मग त्यानं विचारलं, "अक्का, आई नक्की काय म्हणाली? शब्द सांगा."

"सॉरी म्हणाल्या."

"आईला इंग्रजी येत नाही."

"पोले म्हणाल्या. पोले, पोले. मी पडले तेव्हाही म्हणाल्या, मला एकच मुलगी आहे म्हणूनही म्हणाल्या. फारच माफी मागतात रे तुझ्या आई."

तम्मानं कप खाली ठेवला. त्याला राग आला असेल तर तो मला दिसला नाही.

"पोले म्हणजे अय्यो पाप, अक्का," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मग एकेक आठवायला लागलं. मी घसरले, अय्यो पाप. मुसळ आपटलं, अय्यो पाप. एकच मूल, अय्यो पाप. मुलाला दोन वर्षं आणखी परमुलखात राहायचं, फार फार अय्यो पाप. इंग्रजी न शिकलेल्या सासूबाईंना हे एका क्षणात कळलं असतं.

"मग त्या राहा म्हणाल्या की ये म्हणाल्या?"

"ते मला कुठं ठाऊक? तुम्ही ऐकलंत."

मी ऐकलं होतं आणि मलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गावाला गेलो, तम्मा, मी आणि ड्रायव्हर. मायलेकांची भेट मी लांबून पाहिली, तिच्याबद्दल लिहीत नाही. मग तम्मानं आईला विचारलं आणि उत्तर मला मराठीत सांगत गेला. तिनं त्या दिवशी सांगितलं होतं ते असं. त्याला सांगा, बिचाऱ्या, दोन वर्षं आणखी दुसऱ्याच्या चुलीवरचं खायचं. दोन वर्षं आणखी आजारी पडलास तर कपाळावर हात ठेवायला कुणी नाही. सोस. काम अर्धं टाकून आलेला माणूस रात्री नीट झोपत नाही. पुरं कर आणि ये.

ड्रायव्हर खाली मान घालून म्हणाला, "बाकी पण तेच होतं, मेमसाब." त्याच्या दृष्टीनं होतंच.

चिक्कप्पांना तम्मानं विचारलं, "मग तुम्ही परत ये असं का लिहिलंत?" ते अगदी सरळपणे म्हणाले, "आईनं म्हणायला हवं ते मी लिहिलं. आई कधी जा म्हणते का?"

तेवढ्यात तम्माच्या आईनं माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. तम्मा सांगायला तयार होईना. मी आग्रह केला.

"ती विचारते, या बाईनं माझे शब्द का बदलले?"

"मी बदलले नाहीत, भाषांतर केलं. सांग त्यांना."

त्यानं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं. तिच्या लेखी दोन्ही एकच होतं. ती रागावली नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

जेवताना पोरीनं एक बुटकी लाकडी बैठक आणून ठेवली, तिला पुढे दातेरी पातं. तम्माच्या आईनं माझ्याकडे बघून ती परत न्यायला सांगितली.

"का?" मी विचारलं. "आपल्याकडे खोबरं खवायला असते तशीच तर आहे ही. बंगळूरला तुरिमणे म्हणतात ना?"

"हिचं नाव म्बूझी," तम्मा म्हणाला. "बकरीसारखी दिसते म्हणून. तुम्ही नको म्हणालात. इंडियन बाई नारळ खात नाही असं गावभर झालंय."

"अरे, मग मी त्या दिवशी नुसत्या मिठाचं खाल्लं ते काय होतं?"

"नारळाच्या दुधाशिवाय कुणी खात नाही ते. सगळ्यांना तुमची फार दया आली."

त्या दिवशी मी नारळ घातलेलं दोनदा मागून घेतलं.

टांगाहून आम्ही मामंजींना तार केली. ते कॉलेजात जाऊन बसले, साहेबांना भेटले. उत्तर आलं, यंदाची जागा दिली गेली, पुढच्या वर्षी अर्ज करा. तम्माचं एक वर्ष गेलं. ते वर्ष तो गावी राहिला आणि सरकारी शेतावर कामाला जात असे. पुढच्या वर्षी त्याला जागा मिळाली. तो माझी समजूत काढायला म्हणे, "एक वर्ष आईच्या हातचं खाल्लं, अक्का, बरंच झालं." ते खरं होतं की माझ्यासाठी म्हटलेलं होतं, ते मला ठरवता आलेलं नाही.

तो परत बंगळूरला निघायच्या आधी पत्रांचा प्रश्न पुन्हा आलाच. चिक्कप्पांवर तम्माचा विश्वास उरला नव्हता आणि माझ्यावर ठेवायला काही कारण नव्हतं. तोडगा त्याच्या आईनं काढला. तिनं तम्माला विचारलं, या बाईची लिपी तुला येते का. त्याला आधी हसू आलं. मग तो थांबला आणि माझ्याकडे बघितलं. मल्लेश्वरमला तुमची आई पाटीवर बाराखडी गिरवायची तेव्हा तोही शेजारी बसून गिरवायचा. त्याला देवनागरी वाचता येत होती, हळू, बोट ठेवून, पण येत होती. मला स्वाहिली लिहिता येत नव्हतं, पण ऐकलेला आवाज देवनागरीत जसाच्या तसा उतरवायला भाषा यावी लागत नाही, इंग्रजीसारखं स्पेलिंगही लागत नाही.

"अर्थ लावायचा नाही," तम्मा म्हणाला. "स्वल्पसुद्धा नाही."

"सरी," मीही कन्नडमध्येच म्हटलं, म्हणजे बरं.

मग दर महिन्याला एकदा मी त्या गावी जाऊ लागले. आम्ही तीन वर्षांसाठी गेलो होतो, चार वर्षं राहिलो, त्यातली जवळजवळ दोन वर्षं हे चाललं. ओसरीत चटई टाकलेली असे. ती बोले आणि मी देवनागरीत लिहीत जाई. एक वाक्य झालं की मी ते वाचून दाखवी. चुकलं की ती मान हलवून पुन्हा म्हणे. चिक्कप्पा शेजारी बसून माझे उच्चार सुधारत. कधी ती बोलताना हसे, एकदा बोलता बोलता तिनं कापडानं डोळे पुसले, आणि मी काय लिहिते आहे ते मला कळत नव्हतं. पहिल्या काही वेळा फार अवघड गेलं. शब्द ओळखीचा वाटला की हात थांबे, मन त्याच्यापुढे काहीतरी जोडू बघे. मग मी अक्षर मोठं काढायला लागले, म्हणजे विचार करायला वेळ उरत नसे.

उलट दिशेनंही तसंच. तम्मा मल्लेश्वरमहून देवनागरीत स्वाहिली लिही आणि मी ते ओसरीत बसून मोठ्यानं वाची. मी वाचताना त्याची आई माझ्याशीच बोले, मला उत्तरं देई, एकदा मला रागावलीसुद्धा. काय केलं होतं मी, म्हणजे त्यानं, ते मला कळलं नाही.

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा त्याचं एक पत्र आलं. त्याबरोबर मला वेगळी चिठ्ठी होती. परीक्षा झाली होती आणि कॉलेजानं त्याला तिथेच नोकरी देऊ केली होती. आईला हेच विचारलं आहे, उत्तर लवकर पाठवा, एवढंच त्यात होतं.

मी पत्र वाचलं. मधे दोनदा अडखळले, चिक्कप्पांनी शब्द दुरुस्त केले. वाचून झालं. मी निळं एअरलेटर मांडीवरच्या पाटावर उलगडलं आणि पेन उघडून बसले. तम्माची आई अंगणाकडे बघत होती. चिक्कप्पा काही बोलू लागले, तिनं त्यांना हातानं थांबवलं.

"न्जो," ती म्हणाली.

मी वाट बघितली. तिनं पुढे काही म्हटलं नाही. मी वाचून दाखवलं, "न्जो." तिनं मान डोलावली.

न्जो म्हणजे ये. तोवर हा शब्द मला पक्का येत होता. त्या गावात पोरांना, कोंबड्यांना, शेजारणींना दिवसभर कुणी ना कुणी न्जो म्हणत असतं. पण ते आता ये होतं, की नोकरी सोडून ये होतं, की एकदा भेटून जा अशा अर्थानं ये होतं, ते मला समजलं नाही. खाली एक ओळ घालावी असं फार वाटलं. त्या कशा बसल्या होत्या, आवाज कसा होता, चिक्कप्पांना कसं थांबवलं. मी ती ओळ घातली नाही. कोऱ्या पानाच्या मधोमध ते एक अक्षर ठेवलं आणि घडी चिकटवली.

संध्याकाळी तुमच्या आजोबांनी ते उजेडाकडे धरून बघितलं. "अगं, अख्ख्या एअरलेटरवर एवढंच?"

"त्या एवढंच म्हणाल्या."

"तुझा नमस्कार तरी लिहायचास."

"तो नंतर वेगळा लिहीन," मी म्हटलं, आणि पत्र त्यांच्या हातून घेऊन पोस्टात टाकायला निघाले.